आडात टाकलेला गोटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खोटं बोलताना माणसाची जीभ थोडी तरी अडखळायची, त्या काळातली. नदीच्या एका वळणावर एक गाव होतं. गावाला राजा होता, पण तो लांब राहायचा, आणि लांबच्या राजाला गावातलं खरंखोटं काय कळणार? म्हणून न्याय गावानंच करायचा, अशी रीत होती.

ती रीत नीट ऐका. लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी जास्त ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचा, बाई असो की बुवा, नदीतला एक गोटा असायचा. मुठीत मावेल एवढा, ज्याची त्याची खूण कोरलेला. हे सगळे गोटे न्यायघरातल्या रांजणात ठेवलेले असत. कुणावर मोठा आळ आला की कोतवाल डोळे मिटून रांजणात हात घालायचा आणि हाताला लागतील ते गोटे बाहेर काढायचा. पहाटे ज्याच्या उंबऱ्यावर त्याचा गोटा दिसेल, त्यानं त्या दिवशी पंच व्हायचं. गोटा मुठीत धरून न्यायघरात बसायचं आणि दोन्ही बाजू ऐकायच्या.

आजाऱ्याला, अंगावर पाजणाऱ्या आईला, आळ आलेल्याच्या सोयऱ्याधायऱ्याला सुटका होती. त्यांनी नुसतं येऊन तसं सांगायचं. बाकीच्यांनी बसायचं. दुपारची भाकरी गावाची. कधी दिवसभर ताटकळावं लागे, कधी गरज नाही म्हणून परत पाठवत. बाहेर कुणाशी त्याबद्दल बोलायचं नाही आणि सगळं ऐकून होईपर्यंत मनाशीसुद्धा काही ठरवायचं नाही.

शेवटी मधोमध एक काळा घडा ठेवत. ज्याला आळ खरा वाटेल त्यानं आपला गोटा घड्यात टाकायचा. सगळे गोटे पडले तरच शिक्षा. एकानं जरी गोटा मुठीत धरून ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. रीत अगदी साधी होती, पण साध्या गोष्टीच माणसाला जड जातात.

त्या गावात एक रंगारी होता. नीळ रंगवून रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावणारा. फक्त त्याचं एक ठाम मत होतं, की पंच होणं हे रिकामटेकड्यांचं काम. एक मी नसलो म्हणून गावाचं काय अडतंय, असं तो बायकोला नेहमी ऐकवायचा.

एकदा ऐन लग्नसराईत पहाटे त्यानं दार उघडलं आणि उंबऱ्यावर त्याचाच गोटा. इकडे रंगाच्या हौदात नीळ नेमकी तयार झालेली. आज कापड बुडवलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नसती ब्याद, असं पुटपुटत त्यानं गोटा उचलला, परसात गेला आणि आडात टाकून दिला. कुणी विचारलंच तर मी गोटा पाहिलाच नाही म्हणायचं, एवढं त्यानं ठरवलं.

पाण्याचा आवाज येईल म्हणून तो जरा थांबला. आवाज आला नाही. गाळात पडला असेल, असं म्हणून तो कामाला लागला.

ऊन डोक्यावर आलं. गल्ली सुनसान झाली, कुत्रीसुद्धा कुठे दिसेनाशी झाली. तेवढ्यात शेजारची तेलीण न्यायघराकडून परत आली आणि रंगाऱ्याला दारात पाहून जागीच थबकली. तुम्ही इथे कसे, असं तिनं विचारलं. ती आत्ताच न्यायघराच्या भिंतीपाशी उभं राहून सगळं बघून आली होती आणि रंगारी तिथे पंचांमध्ये बसला होता. ताठ बसला होता. सकाळपासून त्यानं पापणी म्हणून हलवली नव्हती.

रंगारी हसला. बाई थट्टा करते आहे, असं त्याला वाटलं. पण तेलीण हसत नव्हती.

"आणि तिथे बसताना हात कशानं हो धुतले होते?" ती म्हणाली. "लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून पहिल्यांदा तुमचे हात पांढरे पाहिले."

तो काही बोलणार, तोच परसातून त्याची बायको आली. पाण्याला गेली होती, पण कळशी रिकामीच होती. तिचा आवाज खाली गेला होता.

"अहो, आडापासून परसाच्या फाटकापर्यंत ओली पावलं आहेत. बाहेर जाणारी. आत येणारं एकही नाही."

रंगाऱ्यानं जाऊन पाहिलं. एवढ्या उन्हातही पावलं वाळली नव्हती. लहानपणी चुलीत पाय पडून त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. त्या ओल्या पावलांतही डाव्या पायाला करंगळी नव्हती.

मग त्यानं तेलिणीला विचारलं, की आज आळ कुणावर आहे. आळ होता नाव चालवणाऱ्या एका बाईवर. तिनं एका व्यापाऱ्याला नदीत बुडवला असं लोक म्हणत होते, कारण तो पलीकडे पोचलाच नव्हता. ऊन कललं की घडा मांडणार होते. सगळे गोटे पडले तर तिला तिच्याच नावेत बसवून, वल्ही काढून घेऊन, खाली धबधब्याकडे सोडून देणार होते. तिथे गेलेलं कुणी परत येत नसे.

रंगारी न्यायघराकडे जायला वळला. तरी त्यानं एकदा हौदाकडे पाहिलंच. कापड आत होतं, आता काढलं नाही तर डागळणार होतं. कापड काढायला म्हणून तो हौदावर वाकला. निळ्या पाण्यात आभाळ दिसत होतं, छपराची कड दिसत होती, कडेला ठेवलेली काठी दिसत होती. त्याचं तोंड मात्र कुठेच दिसत नव्हतं.

कापड तसंच टाकून तो पळत सुटला.

न्यायघर म्हणजे नदीकाठचं बिनछपराचं दगडी घर. भोवती गाव जमलं होतं, पण कुणी बोलत नव्हतं. मधोमध काळा घडा होता आणि त्यात एकेक गोटा पडत होता. ती नावाडीण एका बाजूला उभी होती. ती घड्याकडे बघत नव्हती. ती प्रत्येक पंचाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

आणि रंगाऱ्याच्या जागेवर रंगारीच बसला होता. तेच नाक, तेच मुंडासं. हात मात्र धुतल्या तांदळासारखे स्वच्छ. बसला होता तो दगड ओला होता आणि पाणी थेंबाथेंबानं खाली गळत होतं. शेवटची पाळी त्याची होती. गोटा धरलेला त्याचा हात घड्यावर गेला होता.

"थांबा," रंगारी म्हणाला. "ती जागा माझी आहे."

न्यायघराची प्रमुख एक म्हातारी होती. तिला दिसत नसे. सगळं गाव तिला न्यायआजी म्हणायचं. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ती जागा भरलेली आहे, बाळा."

"आजी, तो मी नव्हे."

"ठाऊक आहे मला. सकाळी त्याच्या मुठीला हात लावला तेव्हाच कळलं. माणसाच्या मुठीत गोटा कोमट होतो. त्याचा गारच होता. पण भरलेली जागा रिकामी करायचा हक्क मला नाही. ज्याची जागा, त्यानंच उठवायचं."

रंगारी पुढे झाला. बसलेल्यानं मान वर केली आणि तो बोलला. आवाज रंगाऱ्याचाच होता, पण खोल आडातून यावा तसा घुमत होता.

"तूच तर पाठवलंस मला. तुला वेळ नव्हता. मला वेळच वेळ आहे."

"चुकलं माझं," रंगारी म्हणाला. "माझा गोटा दे."

"ऐकायचं काय आहे यात? टाकला की सुटलो. मग घरी जाऊ."

घरी जाऊ, हे शब्द ऐकून रंगाऱ्याच्या अंगावर काटा आला. परसात उभी असलेली बायको त्याला आठवली. त्यानं दोन्ही हातांनी ती गार मूठ धरली आणि बोटं उलगडायला लागला. क्षणभर त्याला कळेना, की यातली आपली बोटं कोणती. मग गोटा त्याच्या तळहातात आला. तळव्यावरची नीळ तेवढ्या जागी उडाली आणि एक पांढरा गोल डाग राहिला. तो दुसरा उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

रंगारी जागेवर बसला. दगड अजून ओला होता. त्यानं हात जोडून सांगितलं, की मी काही ऐकलेलं नाही, मला पहिल्यापासून ऐकवा. जमलेले लोक कुरकुरले. खरेखुरे पंचही कुरकुरले, कारण सगळ्यांना घरची ओढ होती. पण पंचांमध्ये काही जण असे होते, की ते कुरकुरलेसुद्धा नाहीत. रंगाऱ्यानं शेजारी पाहिलं. शेजारी सोनार होता. त्याची पापणी हलत नव्हती. त्याच्या बुडाखालचा दगड ओला होता. पलीकडे गुऱ्हाळवाला होता, तोही तसाच. त्यापुढे बघायचं धाडस रंगाऱ्याला झालं नाही.

म्हणजे आपल्यासारखे शहाणे गावात आणखीही होते तर.

साक्षी पुन्हा सुरू झाल्या. रंगाऱ्यानं प्रत्येकाला एकच विचारलं, की तुम्ही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का. पहिला म्हणाला, मला दुसऱ्यानं सांगितलं. दुसरा म्हणाला, मी तिसऱ्याकडून ऐकलं. तिसऱ्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि पहिल्याकडे बोट दाखवलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईला घोट घोट पाणी पाजून तिलाही विचारलं. ती म्हणाली, तो माणूस माझ्या नावेत बसलाच नाही. हे ती सकाळपासून सांगत होती. ऐकायला कुणी नव्हतं.

घडा पुन्हा मधे आला. सगळे गोटे आतच होते, एक सोडून. रंगाऱ्यानं मूठ घट्ट मिटली.

"माझी खात्री नाही. गोटा मी धरून ठेवतो."

त्या रात्रीपुरती बाई वाचली. पंच रात्रभर न्यायघरातच थांबले. आणि दुसऱ्या दिवशी न्यायघर भरतं न भरतं तोच तो व्यापारी स्वतःच काठी टेकत टेकत गावात आला. वरच्या अंगाला पाय मुरगळून तो एका धनगराच्या पालात पडून राहिला होता. इथे एवढी गर्दी कशाची, असं त्यानं भाबडेपणानं विचारलं. लोकांनी माना खाली घातल्या. घालायलाच हव्या होत्या.

सुटका झाल्यावर नावाडीण रंगाऱ्यापाशी आली. "काल मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली. "तुमचे डोळे हलले तेव्हा वाटलं, इथे कुणीतरी माणूस आहे."

रंगाऱ्याला रडू आलं. लाजेनं आलं, की सुटकेनं आलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

न्यायघर रिकामं होताना त्यानं आजीला हळूच विचारलं, की सोनाराचं आणि त्या बाकीच्यांचं काय. त्यांची माणसं आली तर ते उठतील, एवढंच आजी म्हणाली. माणसं काही आली नाहीत. ती गोटे आपापल्या आडात टाकून घरी निवांत बसली होती.

रंगारी घरी निघाला तेव्हा भिंतीशी उभा असलेला तो थोडं अंतर ठेवून मागे चालत आला. परसात आल्यावर रंगाऱ्यानं आडाकडे बोट केलं. तो मुकाट्यानं आत उतरला. पाण्याचा आवाज याही वेळी आला नाही. रंगाऱ्यानं आडावर मोठी फरशी ओढली, मग हौदावर वाकून पाहिलं. नीळ नासली होती, कापड वाया गेलं होतं, पण तोंड दिसत होतं. तळव्यावरच्या पांढऱ्या डागावर मात्र पुढे जन्मभर रंग चढला नाही.

सोनाराच्या, गुऱ्हाळवाल्याच्या जागी बसलेले तेही त्यांच्या त्यांच्या घरी गेले. हातात गावाची भाकरी होती, ती त्यांनी खाल्ली नव्हती. दारं उघडली आणि बंद झाली. दुसऱ्या दिवशी सोनार दुकानात बसला होता, गुऱ्हाळवाला गुऱ्हाळात होता. शांत, नेमके, कुणाशी वाद नाही, कुणाला प्रश्न नाही. बायकापोरांना आधी बरंच वाटलं. मग हळूहळू ती त्यांच्याजवळ बसेनाशी झाली, कारण हात लागला की गार लागायचा.

आणि ऐन दुपारी गल्ली सुनसान झाली, की त्या घरांच्या आडांतून आवाज यायचा. सोनाराच्या आडातून सोनाराचा, गुऱ्हाळवाल्याच्या आडातून गुऱ्हाळवाल्याचा. लोकांनी दोर सोडून पाहिले. दोर रिकामेच वर आले. आवाज मात्र थांबले नाहीत.

"मला बोलवा. आता मला वेळ आहे."

बोलावणार कोण? कोतवाल जेव्हा जेव्हा रांजणात हात घालायचा, तेव्हा त्यांचे गोटेही निघायचे, त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलेही जायचे. पण ते उचलून घ्यायला दारात जो यायचा, त्याची पापणी हलत नसे.

म्हणून सांगतो, न्यायाच्या पाटावरची आपली जागा कधी रिकामी राहत नाही. आपण बसलो नाही, तर ज्याला काळीज नाही तो तिथे येऊन बसतो.