लाल तीर, निळा तीर

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. एका नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच बोलीची आणि एकाच देवाची माणसे राहत होती. नदी ओलांडायच्या उतारापाशी पाणी गुडघाभर, त्यामुळे अलीकडच्या मुली पलीकडे आणि पलीकडच्या अलीकडे देण्याचा रिवाजच होता. पागोटे ज्याला आवडेल त्या रंगाचे. अलीकडच्या तीरावरच्या रंगारणीकडे एकाच घरचे तीन भाऊ तीन रंग मागत, आणि ती त्यांची थट्टा करत रंगवून देई. तिची एकुलती एक लेक भागू पलीकडे दिलेली होती.

मग समुद्रापलीकडचा राजा आला आणि सगळ्यांच्या उरावर बसला. त्याच्या शिपायांना इथली सगळी माणसे सारखीच दिसत. सारखी माणसे उद्या एक झाली तर? म्हणून हुकूम सुटला. अलीकडच्यांनी लाल पागोटे घालायचे, पलीकडच्यांनी निळे. लालाने निळ्याशी सोयरीक करायची नाही, उतार ओलांडायचा नाही. उतारावर चौकी बसली.

ती लाल पागोटी रंगारणीनेच रंगवली. चाबकाच्या धाकाने रंगवली. भागूचे माहेर त्या दिवशी तुटले.

तीस वर्षे गेली. लाल पागोट्यातच जन्मलेली पोरे मोठी झाली आणि त्यांचे रक्त उसळले. एक तरुण पुढारी झाला. तो पारावर उभा राहून गर्जे, "या लाल रंगासाठी आपले पूर्वज हजार वर्षे लढले!"

रंगारीण खाली बसून ऐकत होती. तिला हसू आवरेना. "आरं लेकरा, कसली हजार वर्षं? त्या राजाच्या हुकमानं म्याच रंगवलीत ती पागोटी. तुझा आजा तर हिरवं पागोटं घालायचा."

"म्हातारीला चळ लागलाय," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

तिने मनाशी म्हटले, पोरगा काही का बोलेना, राजा तर जाईल. राजा गेला की चौकी उठेल, आणि भागू घरी येईल. त्या आशेवर तिने त्यांची लाल निशाणे रंगवून दिली. पलीकडचे लोक निळी निशाणे घेऊन लढत होते. दोन्हीकडून रेटा बसला आणि राजा खरोखरच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारी काठी टेकत उतारावर आली. पलीकडे केस पिकलेली एक बाई उभी होती. "आये!" तिने हाक मारली आणि पाण्यात पाय घातला.

"थांब!" चौकीतून आवाज आला. शिपाई परके नव्हते. पुढारी स्वतः चार पोरांसह उभा होता. "निळ्यांना इकडं येता येणार नाही. हुकूम आहे."

"कुणाचा? हुकूम सोडणारा तर गेला की."

"आता आमचा. लाल रक्तात भेसळ चालायची नाही."

म्हातारीने त्याचा हात धरला. "बाळा, तुझी आजी पलीकडचीच. तिच्या लग्नाचं लुगडं मी रंगवलंय. या हातांनी."

पुढाऱ्याचा चेहरा उतरला. म्हातारी खोटे बोलत नाही, हे त्याला कळले होते. पण भोवती लाल पागोट्यांची गर्दी होती. तो हळूच म्हणाला, "आजी, पाया पडतो, हे पुन्हा बोलू नका. लोक ऐकतात." मग मोठ्याने म्हणाला, "त्या बाईला मागं फिरवा!"

भागू फिरली. फिरता फिरता तीनदा वळून बघत गेली.

त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली. तिला खांदा द्यायला सारा गाव लोटला, तिने निशाणे रंगवली म्हणून तिचा जयजयकारही झाला. पोटची लेक मात्र पलीकडच्या तीरावर गुडघाभर पाण्यात उभी राहून चितेचा धूर बघत होती. तेवढ्याशा पाण्यात तिला कोणी चार पावले पुढे येऊ दिले नाही.

तात्पर्य: परक्याला हाकलले तरी त्याने दिलेली ओळख आपली म्हणून मिरवली, तर राज्य त्याचेच चालू राहते.