एका वेळी एकच माणूस

"पण बाई, समोर कुणी नसतानाही ते यंत्र जागं करता येईल की नाही, एवढंच सांगा."

जयवंत घाग उभ्यानंच विचारत होता. द्वारकाबाई खातूंनी मान वर केली नाही. त्या एका जुन्या कीबोर्डची एकेक कळ उपटून ब्रशनं पुसत होत्या.

"बस."

"बसायला वेळ नाही. सहाला पुण्याची वाट धरायचीय."

"मग मी ही कळ पुसेपर्यंत उभा राहा."

तो बसला.

द्वारकाबाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंककॉल जोडून द्यायच्या. ते काम संपलं तेव्हा त्यांनी तालुक्याच्या बाजारपेठेमागे दोन खोल्यांत संगणकाचा क्लास काढला. जयवंत त्यांच्या पहिल्या तुकडीतला. आता तो पुण्यात बसून सतरा गावांतली दोनशे चाळीस यंत्रं सांभाळत असे. कुणाचं काही अडलं की हा आपल्या खुर्चीतून त्याच्या पडद्यात शिरायचा आणि दुरुस्त करून बाहेर यायचा. माणूस हुशार होता. ते त्याला फार लवकर कळलं होतं, एवढंच वाईट झालं.

"कुणाचं यंत्र?" बाईंनी विचारलं.

"भाऊंचं."

भाऊ म्हणजे त्याचे वडील. साखरकोंडला एकटेच राहायचे. बाईंच्या क्लासपासून घर सोळा किलोमीटर. जयवंतची आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"सोळा किलोमीटरवर घर आहे, आणि तू इथून आत शिरायला बघतोस?"

"रत्नागिरीला काम होतं. वाटेत थांबलो. त्यांचा राउटर तुम्ही बसवलेला, त्याची मांडणी तुम्हाला ठाऊक. शिवाय इथं नेट चांगलं आहे."

नेट खरंच चांगलं होतं. पण आई गेल्यापासून तो घरी एकदाच गेला होता, तेही वर्षश्राद्धाला. ते त्यानं सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

"काय करतात भाऊ त्याच्यावर?"

"वाडीतल्या भजनाच्या जुन्या वह्या आहेत, त्या टाइप करून ठेवतात. मी दर रविवारी आत जाऊन सगळं नीट करून देतो. वेडीवाकडी नावं दिलेल्या फायली लावतो, अर्धवट काही पडलेलं असेल तर काढून टाकतो. आता एकवीस दिवस झाले, यंत्र लागतच नाही."

"फोन केलास?"

"केला. म्हणाले, राहू दे रे, आता गरज नाही." तो थोडा थांबला. "आवाज बरा होता. पण पूर्वी फोन ठेवायचे नाहीत, आता लगेच ठेवतात."

बाईंनी पुढची कळ उपटली.

"पहिल्यापासून असंच जोडलं होतंस?"

"नाही. आधी साधी सोय होती. त्यांनी पडद्यावरचा नऊ आकडी नंबर मला फोनवर वाचून दाखवायचा, मग 'परवानगी'चं बटण दाबायचं. नंबर वाचायलाच पाव तास. चार... सात... थांब, चष्मा आणतो... हा सात आहे की एक रे? वर पडदा दोघांनाही दिसायचा, त्यामुळे भाऊ मध्येच माउस हलवायचे. मी बाण इकडे नेतोय, ते तिकडे. शंभरदा सांगितलं, भाऊ, माउसला हात लावू नका!"

"मग?"

"मग मी ते सगळं काढून पक्की सोय केली." जयवंतचा आवाज आता खुलला. "राउटरमधून वाट दिली. बावीस अक्षरी पासवर्ड ठेवला, कुणाच्या बापाला फुटणार नाही असा. आता नंबर नको, परवानगी नको. मी आत गेलो की तिकडचा पडदा आपोआप बंद होतो. एका वेळी एकच माणूस, नियमच आहे तो. भाऊंना काही म्हणजे काही करावं लागत नाही."

"तुझं काम झाल्यावर ते परत आत कसे येतात?"

"पासवर्ड टाकून. कागदावर लिहून दिलाय ना."

"बावीस अक्षरं."

"हो."

बाईंनी हातातली कळ जागेवर दाबून बसवली.

"तर आता एवढंच बघायचंय," जयवंत म्हणाला, "की भाऊंचा हात न लागता ते यंत्र..."

"तीन नंबरवर जाऊन बस," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"भाऊंना पत्र लिही. मेल नव्हे, चांगलं पत्र. मग सांगते."

जयवंत मनात चरफडला. पण बाईंपुढे चाळिशीतला माणूसही बाकावरचा होतो. तो तीन नंबरच्या यंत्रापुढे बसला. बाई कीबोर्ड बाजूला ठेवून आतल्या खोलीत गेल्या.

त्यानं लिहिलं, "ती. भाऊंना शि. सा. न." मग बराच वेळ नुसता बसून राहिला. तब्येतीची चौकशी केली. मुलीच्या शाळेबद्दल दोन ओळी लिहिल्या. औषधं वेळेवर घ्या, असं लिहिलं. ही असली पत्रं कुणीही कुणालाही लिहितो, हे त्याचं त्यालाच कळत होतं. मग बोटं आपोआप पुढे गेली.

"भाऊ, आई गेल्यापासून घरी यायचं म्हटलं की मला..."

पडदा गेला.

पत्र नाही, ओळी नाहीत. डोंगराचं एक चित्र आणि त्यावर घड्याळ. चार वाजून दहा मिनिटं.

"बाई! मी लिहीत होतो!"

"दिसतंय मला," आतून आवाज आला.

"तुम्ही आत शिरलात?"

"हो. जरा नीट करून देते. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, ओळी वेड्यावाकड्या आहेत."

"राहू दे ना. सोडा तुम्ही."

"दोन मिनिटं. माउसला हात लावू नकोस."

त्यानं कळा दाबून पाहिल्या. यंत्रानं पासवर्ड मागितला. त्याला तो ठाऊक नव्हता.

चार वाजून अकरा मिनिटं. चार वाजून बारा.

दोनशे चाळीस यंत्रांचा हा धनी एका डोंगराच्या चित्राकडे बघत बसला होता. आत बाई काय करत होत्या, त्याला दिसत नव्हतं. उठून आत जाऊन विचारावं, तर तेही जमेना. जे लिहिलं होतं ते फार आतलं होतं, आणि ते आता दुसऱ्याच्या हातात होतं. त्याला लाज वाटली, रागही आला, आणि त्याहून जास्त काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

चार वाजून सतरा मिनिटांनी बाई बाहेर आल्या. वाकून त्यांनी पासवर्ड टाकला. पत्र परत आलं. ओळी सरळ होत्या, ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं होतं. पत्र औषधांपाशी संपत होतं.

"शेवटचं वाक्य कुठाय?"

"अर्धवट होतं. काढून टाकलं."

"अहो, तेच तर मला लिहायचं होतं!"

"मग लिही परत."

त्यानं बोटं कळांवर ठेवली. भाऊ, असं लिहिलं. पुढे काही येईना. पुसलं. पुन्हा भाऊ, असं लिहिलं...

"आता नाही येत," तो म्हणाला.

बाजारातून एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत गेला. बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा कीबोर्ड घेतला नाही.

"भाऊंनी वायरच काढून ठेवली असेल ना, बाई?" जयवंत म्हणाला.

"असेल."

"मी दर रविवारी तासभर आत असायचो. भाऊ तोवर काय करत असतील?"

"तू आत्ता काय करत होतास?"

जयवंतनं पडद्यावरच्या त्या एकट्या 'भाऊ'कडे पाहिलं.

"माउस हलवायचे म्हणालास," बाई म्हणाल्या. "कसा हलवायचे?"

"गोल. उगाच, लहानसा गोल. मी आत आलो रे आलो की सुरू. मी म्हणायचो, भाऊ, काय हवंय? तर म्हणायचे, काही नाही..." जयवंतचं बोट टेबलावर तसंच गोल फिरलं. "काही नाही म्हणायचे, बाई. आणि परत गोल फिरवायचे."

"तुला अक्षरं कुणी शिकवली?"

"त्यांनीच. पाटीवर. माझी मूठ त्यांच्या मुठीत धरून गिरवायला लावायचे. मी ओढायचो एकीकडे, ते न्यायचे दुसरीकडे. पेन्सिल मोडायची."

"मग? हात काढ म्हणाले?"

जयवंतनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा मोठा माणूस, पण रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. पाणी आणलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

थोड्या वेळानं तो उठला. तोंडावरून रुमाल फिरवला. मग खिशातून फोन काढून पुण्याला कुणाला तरी सांगितलं, आज येत नाही, उद्याचंही नक्की नाही.

"इथून पाऊण तास लागेल ना?" त्यानं विचारलं.

"घाट उतरेपर्यंत रस्ता खोदलाय. तासभर धर."

"ती पक्की सोय काढून टाकतो. पुन्हा नंबर आणि परवानगी ठेवतो. पाव तास लागू दे, नाहीतर अर्धा. त्यांना चष्मा शोधू दे..." तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. सवय सहज सुटत नाही. "बाई, पोचल्यावर आधी काय तपासू? राउटर की वायर?"

बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"तसे मी पोचेन तेव्हा भाऊ जरा पडलेले असतील," तो घाईनं म्हणाला. "पण अडचण नाही. त्यांना उठवायलाही नको. घराची किल्ली आहे माझ्याकडे."

द्वारकाबाई म्हणाल्या,

"किल्ली खिशातच ठेव. 'कोण आहे?' असं त्यांना विचारू दे."