नखाच्या खुणांची पणती

पार पूर्वीची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक गुरव राहत होता. महादेवाचं देऊळ झाडावं, पिंडीवर बेल वाहावा, सांज झाली की दिवा लावावा, असं त्याचं सरळ आयुष्य होतं.

गुरवाचा बाप सनई वाजवायचा. रोज पहाटे देवळाच्या पायरीवर बसून तो भूपाळी वाजवायचा. ती भूपाळी त्यांच्याच घराण्याची, दुसऱ्या कुठल्या गावात ऐकू यायची नाही. त्या काळी गावात घड्याळ कुणाकडे होतं? पहिली ओळ निघाली की बायका जात्यावर बसायच्या. पुढं कुणी धार काढायला गोठ्यात शिरायचं, कुणी विहिरीवर निघायचं. मुद्दाम कान देऊन कुणी ऐकायचं नाही. अंगावर ऊन पडतं तशी ती भूपाळी गावावर पडायची.

मग बाप गेला. सनई खोळीत गेली, खोळ खुंटीवर गेली. गाव पुढंही उठतच राहिलं, पण कोंबडं ओरडलं म्हणून उठणं वेगळं आणि सनईनं उठणं वेगळं. म्हातारी माणसं म्हणायची, "हल्ली पहाट झाल्यासारखीच वाटत नाही बघ."

गुरवाला हे फार लागायचं. लहानपणी बापानं त्याला चार सूर शिकवले होते, पण त्याचं लक्ष गोट्यांत. आणि भूपाळीच्या वेळी तो गोधडीत गाढ झोपलेला असायचा. आख्खं गाव ज्या सुरांनी जागं व्हायचं, त्या सुरांत हा एकटा झोपायचा. आता ती भूपाळी एकाच माणसाला येत होती, ती म्हणजे त्याची आत्या. भाऊ वाजवायचा तेव्हा ती देवळाचं अंगण झाडायची, जन्मभर. पण आत्या आता थकली होती.

"अरे, लवकर काय ते कर," ती म्हणायची. "माझ्या डोक्यातनं एकेक ओळ निघून चाललीय. गेल्या साली चार येत होत्या. आता तीनच येतात, तिसरीतही मधेच भोक पडलंय."

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुनिंब-गूळ खाऊन झाला, की सगळे कुंभाराच्या अंगणात जमायचे. कुंभार माती मळून तयार ठेवायचा. नव्या वर्षात जे करायचं मनात असेल ते चारचौघांत बोलायचं आणि आपल्या हातानं मातीचं एक भांडं घडवायचं. ते भांडं कच्चंच घरी न्यायचं आणि कोनाड्यात ठेवायचं. वर्षभर मनातलं पाळलं, तर होळी झाल्यावर ते कुंभाराच्या भट्टीत भाजायला द्यायचं. नाही जमलं, तर पाण्यात विरघळवून माती परत आणून द्यायची. कुणी कुणाला बोलायचं नाही. कुंभार ती माती नव्या मातीत मिसळायचा आणि म्हणायचा, "माती रुसत नाही बाबा. पुन्हा ये."

बाप गेल्यावरच्या पहिल्या पाडव्याला गुरवानं भली मोठी घागर केली. नेम पाळला गेला नाही, होळीला ती विरघळवावी लागली. दुसऱ्या पाडव्याला त्यानं बाह्या वर सारल्या आणि रांजणच घडवला! कमरेएवढा. सगळ्यांपुढं छाती काढून म्हणाला, "वर्षाच्या आत भूपाळी, आरती, पालखीचे सूर, लग्नातली वाजवणी, सगळं बापासारखं वाजवीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात बापाचा लेक!" कुणीतरी म्हणालं. गुरवाला असं वाटलं, की सनई आलीच. रांजण घरी न्यायला चार माणसं लागली.

पहिले चार दिवस त्यानं सकाळ-संध्याकाळ सनई फुंकली. ओठ सुजले, गाल दुखले, सूर मात्र म्हशीनं हंबरावं तसा. पाचव्या दिवशी म्हणाला, ओठ बरे होऊ देत. ओठ बरे झाले, तोवर पेरणी आली. पेरणी झाली, तर म्हणाला, आता श्रावणात नेमानं बसतो.

पण रांजणाची काळजी मात्र त्यानं अशी घेतली, की विचारू नका. ओल लागू नये म्हणून खाली फळी, धूळ बसू नये म्हणून वर धोतर. कोंबडी जवळ गेली की काठी घेऊन धावायचा. पाहुणा आला की धोतर बाजूला करून दाखवायचा, "हा माझा रांजण."

बायको म्हणायची, "रांजण वाजवून दाखवा आता देवापुढं."

दिवाळीच्या सुमाराला रांजणाला एक तडा गेला. कुणी हात लावला नव्हता, धक्का दिला नव्हता. आवाक्याबाहेरचं भांडं, कुठं जाड, कुठं पातळ. वाळता वाळता आपोआप उलला. होळीला गुरवानं तो फोडला, विरघळवला आणि माती पाट्यांत भरली. सहा पाट्या झाल्या.

तिसऱ्या पाडव्याला सहा पाट्या वाहून तो कुंभाराच्या अंगणात कडेला उभा राहिला, खाली मान घालून. आत्याही काठी टेकत आली होती. सगळ्यांचं झाल्यावर कुंभारानं हाक मारली, "ये की रे गुरवा. माती नाही घ्यायची?"

"कशाला मामा? वायाच घालवतो मी तुमची माती."

 कुंभारानं त्या सहा पाट्यांतनं लिंबाएवढा गोळा काढला आणि गुरवाच्या तळहातावर ठेवला.

"एवढ्याशात काय होणार?"

"पणती होईल."

लोक हसले. मागनं एक जण म्हणाला, "गेल्या साली रांजण, यंदा पणती. पुढल्या साली नुसतं बोट चिखलात बुडवून जा घरी!"

आत्यानं त्याच्याकडं काठी उगारली. "तू रे? दोन वर्षं पहाटे उठायचं म्हणतोस आणि सूर्य डोक्यावर आल्याशिवाय दार उघडत नाहीस. गप बस." मग गुरवाला म्हणाली, "पणतीएवढंच बोल. रोज सनई खुंटीवरनं काढायची. एक दम फुंकायचा. सूर लागो, न लागो. परत ठेवायची. झालं."

"एका दमानं भूपाळी येणार का, आत्या?"

"भूपाळी येईल असं मी कुठं म्हटलं? एक दम येईल."

गुरवानं हळू आवाजात तेवढंच म्हटलं आणि अंगठ्यानं दाबून पणती केली. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. घरी जाऊन त्यानं सनई काढली, एक दम फुंकला, ठेवली. बायको चुलीपासून म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

एका दमाला काय सबब सांगणार? पेरणीच्या दिवसांतही एक दम होतोच. ओठ सुजले नाहीत. कधी एकाचे दोन व्हायचे, कधी दहा. पण नेम एकाचाच. आखाड संपता संपता सूर हंबरायचा थांबला. एक दिवस आत्या अंगणात झाडू घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बसल्या जागी मला आठवत नाही रे. झाडताना येतं. बघ बरं." आणि खर्र, खर्र झाडत ती पहिली ओळ गुणगुणू लागली. गुरव तिच्यामागं सनई घेऊन फिरू लागला. आत्या झाडते आहे, पुतण्या मागं मागं फुंकतो आहे. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या.

भादव्यात एकदा गुरव परगावी गेला. नदीला पाणी चढलं आणि तो दोन दिवस पलीकडंच अडकला. सनई घरी. परत आला तो चेहरा पाडून. कोनाड्यातली पणती उचलली आणि निघाला पाण्याच्या घंगाळाकडं.

"काय करतोस?" आत्या ओरडली.

"खंड पडला आत्या. दोन दिवस गेले. मोडलं सगळं. मला जमायचं नाही. बापाचा एक दिवस कधी चुकला नाही."

आत्या खाटेवर बसली आणि पोट धरून हसली. दात नव्हते तिला, पण हसली बाई.

"चुकला नाही? अरे, तुझा बाप थंडीतापात महिना महिना पडून असायचा. तुझ्या आईला तू झालास तेव्हा पाच दिवस सनईला हात लावला नव्हता त्यानं. एकदा माझ्याशी भांडला आणि दोन दिवस रुसून वाजवलीच नाही. गाव म्हणायचं, आज गुरव झोपला वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. बाळा, जगताना खंड पडतातच. आठवणीत तेवढे बुजून जातात."

गुरव पणती हातात धरून उभा.

"आण इकडं," आत्या म्हणाली. तिनं पणतीच्या काठावर नखानं दोन बारीक खुणा केल्या. "हे गेलेले दोन दिवस. झाले, गेले. आता खुंटीवरनं सनई काढ. आजचा दम राहिलाय."

गुरवानं पणती कोनाड्यात ठेवली. मग सनई काढली.

दिवाळीपर्यंत पहिली ओळ बसली. अगदी बापासारखी नाही, पण बसली. आणि नेमकी थंडीत आत्यानं खाट धरली. उभं राहवेना, झाडू हातात धरवेना. गुरव उशाशी बसायचा. "आत्या, पुढची ओळ?"

ती डोळे मिटून खूप शोधायची. मग डोळे उघडायची. "गेली रे. अंगण झाडलं असतं तर सापडली असती."

एक दिवस गुरव देवळामागं जाऊन रडला. इतका उशीर केला आपण. रांजणाभोवती कोंबड्या हाकलल्या, तेव्हा आत्याला पुढच्याही ओळी येत होत्या. आता कितीही फुंकलं तरी पुढचं कुठून आणायचं? सनई कायमची खोळीत घालावी असं मनात आलं. पण बोललेलं काय होतं? भूपाळी नव्हे, एक दम. तो घरात आला, त्यानं सनई काढली आणि एक दम फुंकला.

होळी झाली. गुरवानं पणती कुंभाराला नेऊन दिली. काठावर नखाच्या अकरा खुणा होत्या. "मामा, ही चालेल का?"

कुंभारानं खुणांवरनं अंगठा फिरवला. "खुणांनी पणती गळत नाही बाबा."

पाडव्याच्या पहाटे गुरव उठला, आंघोळ केली आणि देवळाच्या पायरीवर बसला, बाप बसायचा तिथंच. पूर्वेला नुकतं कुठं फटफटत होतं. त्यानं सनई ओठाला लावली आणि पहिली ओळ वाजवली. ओळ गावावरनं गेली. संपली. पुढं काही येत नव्हतं, म्हणून तो थांबला. मग पुन्हा तीच वाजवली. पुन्हा थांबला.

गावात एकेक दार उघडू लागलं.

देवळाच्या कडेला एक म्हातारी गवळण राहायची. ती चरवी घेऊन गोठ्यात निघाली होती. गुरव थांबला तशी ती वाटेतच उभी राहिली. तिचे हात नुसत्या हवेत धार काढल्यासारखे हलले आणि तोंडातनं आपोआप पुढचे सूर आले. स्वतःच दचकली. "अगं बाई! पहिली ओळ सरली, की मी गाईखाली बसायचे. ही माझ्या धारेची ओळ!"

गुरवानं ती उचलली. तिच्यापाशी होतं तेवढं संपलं, तर विहिरीकडनं रहाट ओढणारा म्हातारा पुढचं गुणगुणत आला. "बादली वर येताना हे लागायचं," तो म्हणाला. आणि गेल्या पाडव्याला पणतीवरनं हसलेला तो उशिरा उठणारा गडी, तोही डोळे चोळत पायरीशी आला. शेवटचे चार सूर त्याला येत होते. खाली बघत म्हणाला, "मी उठायचो तेव्हा एवढंच उरलेलं असायचं."

बसल्या जागी कुणाला विचारलं असतं, तर एकालाही सांगता आलं नसतं. पहिली ओळ खरोखर वाजली, म्हणून बाकीच्या जाग्या झाल्या.

ऊन देवळाच्या कळसावर आलं तोवर गुरवानं आख्खी भूपाळी वाजवली, अडखळत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तो घरी धावला. आत्या खाटेवर पडून होती. डोळे मिटलेले, पण उजवा हात गोधडीवर हळूहळू सरकत होता. खर्र, खर्र. अंगण झाडत होती ती.

"आत्या, ऐकलंस?"

"ऐकलं," ती डोळे न उघडताच म्हणाली. "तिसऱ्या ओळीत चुकलास. तुझा बापही तिथंच चुकायचा."

कुंभार मागोमाग आला. त्याच्या हातात भाजलेली पणती होती, विटेसारखी लाल. गुरवाच्या बायकोनं तीत तेल घातलं, वात लावली आणि ती आत्याच्या उशाशी ठेवली. अकरा खुणा उजेडात स्पष्ट दिसत होत्या. तेलाचा थेंबही गळला नाही.

त्या दुपारी कुंभाराच्या अंगणात सगळे जमले. कुंभारानं विचारलं, "यंदा केवढी माती देऊ गुरवा? रांजणाची?"

गुरव हसला आणि त्यानं तळहात पुढं केला. "गेल्या साली दिलीत तेवढीच, मामा."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: नव्या वर्षाला आपल्या हाताला पेलेल तेवढंच बोलावं आणि ते रोज करावं, एखादा दिवस चुकला तर नखाएवढी खूण करून पुढं जावं, भांडं मोडू नये.