गोजराबाईचा सव्वीस हात दोर

प्रभूच्या लेकरांनो, कृपादास महाराजांची आज सांगतो ती हकिगत पिंपरटेकची. गाव तसे लहानच. गोदावरीच्या अलीकडे माळावर पन्नासेक घरे, वेशीबाहेर पत्र्याचे प्रार्थनाघर आणि त्याच्या मागे काळ्या दगडात बांधलेली खोल विहीर. महाराज तिथे आले ते पायीच. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी आणि काखेत फडक्यात बांधलेले पवित्र शास्त्र. गावोगाव येशूचे कीर्तन करीत हिंडायचे, एवढाच त्यांचा संसार. पिंपरटेकला त्यांचा मुक्काम तीन दिवसांचा होता आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या हातून बाप्तिस्मे व्हायचे होते.

या बाप्तिस्म्याकडे गोजराबाई सात वर्षे डोळे लावून बसली होती.

गोजराबाई दोर वळायची. घायपाताची पाने कुजवायची, ठेचायची, धुऊन त्यांचा वाख, म्हणजे तंतू, काढायचा, मग त्या वाखाला पीळ देऊन पेड करायचे आणि तीन पेड एकमेकांत घालून चऱ्हाट तयार करायचे. नवरा गेल्यापासून ती एकटीच हे काम करी. असेच कुठेतरी कीर्तनात तिने येशूचे नाव ऐकले आणि ते तिच्या काळजात जाऊन बसले. तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. पण बाप्तिस्मा न झालेल्यांनी दाराशी, चपलांजवळ बसायचे असा नियम होता. प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट फिरे तेव्हा ते तिच्या समोरून तसेच पुढे जाई. सात वर्षे ती त्या ताटाकडे नुसती बघत आली होती.

तिला अडवणारे गृहस्थ म्हणजे शलमोनतात्या. मंडळीचे वडील, म्हणजे प्रार्थनाघराचा सगळा कारभार त्यांच्या हाती. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे उठून प्रार्थना करणारा, दारू-विडीला न शिवणारा. पण पाठांतराचा भारी ताठा! बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते बावन्न प्रश्न विचारीत आणि उत्तरे पुस्तकातली, शब्दाला शब्द लागत. गोजराबाईला अक्षरओळख नव्हती. ऐकून ऐकून ती तीस प्रश्नांपर्यंत पोहोचे आणि एकतिसाव्याला अडे. एकतिसावा प्रश्न होता, "कृपा म्हणजे काय?"

पुस्तकात लिहिले होते, "अपात्र मनुष्यास त्याच्या पुण्याईवाचून देवाने दिलेले दान म्हणजे कृपा." गोजराबाई एका वर्षी म्हणाली, माझ्यासारखीला त्यानं हाक मारली ती कृपा. दुसऱ्या वर्षी म्हणाली, शेळी चुकली तर मालक तिला हुडकाया जातो आन काठी घरी ठेवून जातो, ती कृपा. आता तुम्हीच सांगा, यात काय चुकले? पण तात्यांना अर्थाशी कर्तव्य नव्हते. ते वही मिटत आणि म्हणत, पुढच्या वर्षी ये.

शुक्रवारी संध्याकाळी महाराजांनी कीर्तनाला राजाच्या मुलाच्या लग्नाच्या मेजवानीची गोष्ट घेतली. बोलावलेले मानकरी आले नाहीत, तेव्हा राजाने चाकर पाठवून रस्त्यावरचे लंगडे, आंधळे, भिकारी गोळा केले आणि पंगतीला बसवले. दाराशी बसलेली गोजराबाई पदराने डोळे पुसत होती. तात्यांना ते रुचले नाही. त्यांनी उठून आठवण करून दिली की त्याच मेजवानीत एकाच्या अंगावर लग्नाचे वस्त्र नव्हते आणि त्याला बाहेर काढले होते. आमचे बावन्न प्रश्न म्हणजे तेच वस्त्र, असेही वर ऐकवले.

महाराज हसले आणि म्हणाले, "तात्या, रस्त्यावरच्या भिकाऱ्यांनी ती वस्त्रं स्वतः शिवून आणली होती का?"

मंडळी हसली. तात्या मात्र खाली बसले ते मनात काटा घेऊनच.

पिंपरटेकच्या मंडळीची एक रीत होती. बाप्तिस्म्याचे पाणी पोहऱ्याने शेंदायचे नाही. आदल्या दिवशी मंडळीच्या वडिलांनी स्वतः विहिरीत उतरून, कपारीतल्या झऱ्याच्या तोंडाशी घागर धरून ते भरायचे. हा मान तात्यांचा आणि त्यांना तो फार प्रिय. जुना दोर यंदा विरला होता, म्हणून गोजराबाईने अर्पण म्हणून नवा दोर वळायला घेतला. दोन महिने ती त्याला लागली होती. विहिरीला पाण्यापर्यंत तीस हात दोर लागे. पण उन्हाने घायपात वाळून गेले, वाख संपला आणि दोर सव्वीस हातांवर थांबला.

शनिवारी सकाळी विहिरीवर सगळ्यांदेखत तात्यांनी तो मोजला आणि तिच्या पायाशी टाकला.

"दोर चार हात कमी आणि उत्तरंही कमी," ते म्हणाले. "गोजरे, देवाला उरलंसुरलं द्यायचं नसतं."

लोक हसले. महाराजांनी वाकून दोर उचलला, झटकला आणि तिच्या हातात दिला. अर्पण केलेलं परत जात नसतं, तो जवळ ठेव, एवढेच ते बोलले.

तात्यांनी बाजारातून आणलेला जाडजूड, चकचकीत दोर पुढे केला. गोजराबाईने तो चिमटीत धरला, थोडा उलगडला, नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बदलला.

"तात्या, ह्यो दोर आतून कुजलाय. ओला असताना गुंडाळून ठेवलाय कुनीतरी. ह्याच्यावर उतरू नका."

"आता दोरसुद्धा तूच शिकवणार का मला?"

"व्हय, दोर मीच शिकवनार," गोजराबाई म्हणाली. "बाकीचं तुमी शिकवा. दोरातलं मला कळतं."

एवढे झाल्यावर तात्या ऐकतात होय! त्यांनी दोर कमरेला बांधला, घागर गळ्यात अडकवली आणि चौघांनी त्यांना राहाटावरून खाली सोडायला सुरुवात केली. निम्मे अंतर गेले असेल नसेल, तोच दोर तुटला. कठड्याशी उभे असलेले चौघे मागे कोसळले आणि खालून धप्पकन आवाज आला.

तात्या पडताना विहिरीच्या पुढे आलेल्या दगडावर आपटले होते. एक पाय मोडला होता. पाणी दोन पुरुष खोल आणि त्यांना पोहता येत नव्हते. शेवाळलेल्या कपारीला दोन्ही हातांनी धरून ते गळ्यापर्यंत पाण्यात लोंबकळत होते. बावन्न उत्तरे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या तोंडून आता एकच शब्द निघत होता, "वाचवा." एकजण दोर आणायला गावाकडे पळाला, पण तो जाऊन येईपर्यंत तात्यांची बोटे टिकणार नाहीत, हे वरून दिसत होते. कुणी पागोटे सोडून बघितले, ते जुनेर झालेले, हातातच फाटले.

खोटे कशाला सांगू? क्षणभर गोजराबाईला बरे वाटले. सात वर्षांचे ताट तिच्या डोळ्यांपुढून सरकले. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचा असा संताप आला की तिने पदर कमरेला खोचला.

"गोजराबाई, दोर सोड," महाराज म्हणाले.

"म्हाराज, चार हात कमी हाय त्यो. खांबाला बांधला तर सा हात कमी पडंल."

"ठाऊक आहे मला. सोड."

तुटलेल्या दोराचा तुकडा त्याला जोडावा असे कुणीतरी सुचवले. तिने मान हलवली. कुजक्याला जोड दिली की चांगलाही जातो, म्हणाली. तिने दोराचे एक टोक राहाटाच्या खांबाला घट्ट आवळले आणि आभाळाकडे तोंड केले. हात जोडले नाहीत की गुडघे टेकले नाहीत. भांडायला उभी राहिल्यासारखी ती बोलली.

"देवा, वाख संपला तवा मी थांबले. मी चोरून ठेवला न्हाई. माझ्याकडं व्हता तेवढा सगळा ह्यात हाय. आता कमी पडला तर त्यो माझा कमीपना न्हाई, तुझा हाय. बघ तुला चालतंय का!"

लोकांनी कानांवर हात ठेवले. महाराजांच्या डोळ्यांत मात्र पाणी उभे राहिले.

तिने दोर सोडला. दोर हातातून सरकताना किती हात गेला, हे तिच्या तळव्याला न बघता कळे. वीस गेला. बावीस. चोवीस. आता खांबाकडून हिसका बसायला हवा होता, तो बसला नाही. दोर सरकतच राहिला. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. तिचे ओठ मोजत होते. बत्तिसाव्या हातावर खालून ओढ लागली. तात्यांच्या हाती दोर आला होता.

"कमरंला दोन येढे द्या आन गाठ मारा," ती ओरडली. "घाई नका करू, दोर भरपूर हाय!"

चौघांनी आणि पाचव्या गोजराबाईने त्यांना वर घेतले. दोर तसूभरही कुरकुरला नाही. घागर कुठेतरी तळाशी गेली होती. तात्यांना कठड्याला टेकवून बसवले, पायाला फळी बांधली. तेवढ्यात एकाने दोर मोजायला घेतला. सव्वीस हात! पुन्हा मोजला, सव्वीसच. तिसऱ्यांदा दुसऱ्याने मोजला तरी सव्वीसच भरला. मंडळी जागच्या जागी गुडघ्यांवर आली.

 तात्यांनी गोजराबाईला जवळ बोलावले. तिला वाटले, आता पुन्हा वही निघणार.

"इचारायचं आसंल तर इचारा तात्या," ती उभ्यानेच म्हणाली. "पर उत्तर मी माझंच देनार. ह्या वर्षी बी आन पुढच्या वर्षी बी."

"मी विचारत नाही, बाई," तात्या म्हणाले.  "मला पाठ आहे, पण कळलेलं नाही. तू सांग. कृपा म्हणजे काय?"

गोजराबाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. ओले कपडे, सोललेले तळवे, फळीत बांधलेला पाय.

"तुमाला वर वढत व्हतो तवा तुमी काय केलं, तात्या?"

तात्यांनी विहिरीकडे पाहिले. "काहीच नाही," ते हळू म्हणाले. "मी नुसता जड होतो."

"मग तीच," गोजराबाई म्हणाली.

शलमोनतात्यांना रडू फुटले. मोडक्या पायानिशी ते सरपटत पुढे झाले आणि महाराजांच्या पावलांवर डोके ठेवू लागले. महाराज मागे सरले. "माझा हात दोराला लागलासुद्धा नव्हता, तात्या," ते म्हणाले. तात्या गोजराबाईकडे वळले, तर तिनेही पाय पदराआड घेतले आणि प्रार्थनाघराच्या दाराकडे बोट केले. "ज्यानं दोर पुरवला त्याच्यापुढं टेका," ती म्हणाली. तिथवर सरपटत जाऊन, ती सात वर्षे बसली होती त्या चपलांच्या जागी, मंडळीच्या वडिलांनी कपाळ जमिनीला टेकवले आणि सगळे येऊन उभे राहिले तरी ते उठले नाहीत.