म्होरक्याचा रकाना

पोरांच्या टोळ्यांची यादी करायला आमदार भोईटे फौजदारांना घेऊन थेट तालमीत आले.

"टोळ्या तीन प्रकारच्या," ते ऐटीत म्हणाले. "रिकामटेकड्या, वर्गणी उकळणाऱ्या आणि रस्ता अडवणाऱ्या. वस्ताद, तुमची पोरं कुठल्या प्रकारात घालू?"

मुलाणी वस्तादांना ठाऊक होतं, यादीत नाव गेलं की पोरांची पोलीसभरती बुडालीच. पण ते हसून म्हणाले, "तिन्ही प्रकारांत घाला, साहेब. ती दिवसदिवस तुमच्या कचेरीत बसली, तुमच्या वाढदिवसाची वर्गणी त्यांनी उकळली आणि तुमच्या मिरवणुकीसाठी रस्ताही त्यांनीच अडवला. फौजदारसाहेब, खुशाल लिहा. फक्त म्होरक्याच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं, तेवढं आमदारांना विचारा."

फौजदारांनी पेनाला टोपण लावलं. आमदारांना त्या पोरांत एकाएकी होतकरू तरुण दिसू लागले.