मानेसाठी एक सुई

“...आणि एवढं करूनही मान हलत नसेल, तर सुई आणखी किती खोल घालायची, माय?”

विचारणारा होता डॉक्टर उन्मेष चौबळ. चार वर्षं परदेशात राहून तो सुयांची विद्या शिकून आला होता. डोंगरावरच्या मठातली ही म्हातारी संन्यासिनी तेच काम कशी करते, ते त्याला एकदा पारखायचंच होतं.

सोबत पेशंट होता. पिराजी तांबट. तीस वर्षं खाली वाकून भांडी ठोकलेली. गेली नऊ वर्षं मान डावीकडे वळत नव्हती. आता हातोडा उचलला, तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

“कुठं कुठं सुया घातल्यास?” मायनं विचारलं.

उन्मेषनं जागा दाखवल्या. कवटीखाली, मणक्यालगत, खांद्यावर. “अकरा वेळा. एकही जागा चुकली नाही.”

“नाही चुकली,” माय म्हणाली.

ती पिराजीच्या मागे बसली. दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली, डोळे मिटले. ...

बराच वेळ गेला. उन्मेषनं दोनदा घड्याळ पाहिलं.

बोटं एका जागी थांबली. पिराजीनं श्वास रोखला.

“इथं?”

“व्हय, माय... तिथंच.”

मायनं उन्मेषचा हात ओढून त्याचं बोट तिथं टेकवलं. “काय लागतं?”

“स्नायू आखडलाय.”

“अजून?”

“अजून काही नाही.”

“थांब.”

तो थांबला. ...

मग बोटाखाली काहीतरी थरथरलं. अगदी बारीक. मुठीत धरलेल्या चिमणीसारखं.

उन्मेषचं तोंड उघडंच राहिलं. अकरा वेळा या मानेला हात लावला होता त्यानं.

त्यानं घाईनं सुई उचलली. मायनं त्याचं मनगट धरलं आणि खाली नेलं, पिराजीच्या तळहाताच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी.

“दुखणं तर वर आहे!”

मायनं तीच जागा नखानं दाबून दाखवली.

एक बोट मानेवरच ठेवून त्यानं सुई टोचली. जेमतेम आत गेली असेल. तोच ती आतून कुणीतरी घट्ट धरल्यासारखी झाली.

आणि वर, बोटाखालची थरथर शांत झाली.

“पिराजी,” माय हळूच म्हणाली, “डावीकडे बघा. जमेल तेवढंच.”

मान बोटभर वळली. थांबली. आणखी वळली. दुखणं गेलं नव्हतं. पिराजीचे ओठ आवळलेले होते. पण मान वळत होती... खिडकीपर्यंत.

खिडकीखाली, दूर दरीत नदी चमकत होती.

“पाणी हाय की हितं,” पिराजी पुटपुटला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मान मात्र त्यानं परत फिरवली नाही.

उन्मेष खाली बसला, मायच्या पायांशी.

काही वेळानं त्यानं वही काढली.

“माय... करंगळीखालच्या या जागेला तुम्ही काय म्हणता? लिहून ठेवतो.”

मायनं नदीकडे बघत बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं.

“लिही... पिराजी.”