निघतानाचा शब्द

“मग तुम्हाला भीती वाटते तरी कशाची?”

सरदार खेत्रोजीरावाने हे कोठडीच्या दारात उभं राहून विचारलं. आत घोंगडीवर येसबा किल्लेदार बसला होता. त्याचा डावा गाल सुजला होता.

येसबाने थोडा विचार केला.

“न्हाव्याची,” तो म्हणाला.

सरदाराला ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

सोनकडा किल्ल्याची खालची माची खेत्रोजीरावाच्या फौजेने घेतली, त्या सकाळी येसबा दाढ काढून घ्यायला वरच्या बालेकिल्ल्यातून माचीवरच्या न्हाव्याकडे उतरला होता. दाढ अर्धी हलली आणि फौज आत शिरली. न्हावी पळाला, दाढ राहिली. शत्रूच्या हाती लागला तेव्हा किल्लेदाराचं तोंड उघडं होतं. त्यानंतर ते पुन्हा उघडावं म्हणून चार दिवस अख्खी फौज खपत होती.

बालेकिल्ला अजून झुंजत होता. वर चाळीस माणसं होती आणि त्यांना पुरेल एवढं धान्य होतं. दरवाजा खडकाच्या वळणात होता, त्यामुळे आतल्याला बाहेरचा दिसत नसे. आतून “कोण?” अशी हाक येई. बाहेरच्याने खुणेचा शब्द सांगायचा. शब्द बरोबर असला तर दरवाजा उघडे, चुकला तर वरून धोंडा येई.

हा नियम येसबाचाच होता, शब्दही त्यानेच ठरवलेला, आणि बदलायचा तर त्यानेच. एकदा घाईत तो स्वतःच “अरे, मी आहे” म्हणाला होता, तेव्हा त्याच्याही अंगावर धोंडा आला. धोंडा टाकणाऱ्याच्या हातात त्याने दुसऱ्या दिवशी चांदीचं कडं घातलं.

खेत्रोजीरावाच्या माणसांनी त्या दरवाजापुढे उभं राहून सगळे देव घेऊन पाहिले. मग नद्या घेतल्या. मग किल्ल्याच्या मालकाचे पूर्वज घेतले. वरून प्रत्येक नावाला एकेक धोंडा आला. पूर्वज संपले, तेव्हा शब्द किल्लेदाराकडूनच काढायचं ठरलं.

पहिल्या दिवशी सरदाराने त्याला दोर दाखवला. येसबाने दोर हातात घेऊन चाचपला आणि हा भिजलेला आहे, उन्हात टाका, नाहीतर ऐन वेळी तुटेल, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरदाराने सांगितलं की, वरची तुमची माणसं फितूर झाली आहेत, शब्द त्यांनीच आम्हाला कळवला आहे. येसबाने समाधानाने मान हलवली. तसं असेल तर मला विचारायचा त्रास तुम्हाला उरला नाही, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याला कड्याच्या टोकावर उभं केलं आणि खाली बघायला लावलं. त्याने बराच वेळ बघितलं. खालच्या कपारीत मधाची तीन पोळी आहेत, ती काढायला एखादा हलका माणूस दोराला बांधून सोडा, एवढाच त्याचा अभिप्राय होता.

चौथ्या दिवशी कुणीतरी सरदाराला सुचवलं की, न बोलता समोर बसून राहिलं की कैदी आपोआप फुटतो. सरदार सकाळपासून दुपारपर्यंत न बोलता बसला. येसबा घोरला.

आज पाचवा दिवस होता. सरदाराच्या मालकाचं पत्र आलं होतं : दसऱ्याच्या आत किल्ला घ्या, नाहीतर फौज माझ्या मेहुण्याच्या हवाली करा. या मेहुण्याने आजवर फक्त पानाच्या तबकावर चाल केली होती. दसऱ्याला दोन दिवस होते.

“उद्या दुपारी कडेलोट,” सरदार म्हणाला. “शब्द मिळाला नाही तर.”

“ऐकलं.”

“मरणाचं भय नाही तुम्हाला?”

“आहे की,” येसबा म्हणाला. “पण तुमच्याइतकं नाही.”

सरदार आत आला. कोठडीचं दार ठेंगणं होतं, वाकल्याशिवाय आत येता येत नसे, आणि सरदार रोज वाकायला विसरत असे. आजही पागोटं चौकटीला अडकून मागे पडलं. भिवा पहारेकऱ्याने ते सवयीने झेललं. भिवाच्या मिशा पांढऱ्या होत्या आणि चेहरा कशातच नसल्यासारखा होता.

“मी मरणाला भितो?”

“रोज. चार दिवस ऐकतोय.”

“कधी?”

“निघताना.”

सरदाराने भिवाकडे पाहिलं. भिवा पागोट्यावरची धूळ झटकत होता.

“इथून निघताना तुम्ही काय म्हणता, सरदार?”

“काय म्हणतो? ... येतो म्हणतो.”

“कुणाला?”

सरदाराने भिवाच्या हातून पागोटं घेतलं.

“दोर दाखवलात आणि निघताना म्हणालात, येतो. कड्यावर नेलंत, परत आणून कोंडलंत आणि म्हणालात, येतो. काल तर दिवसभरात तेवढा एकच शब्द बोललात. मीही आपला म्हणतो, या.”

“ती रीत आहे,” सरदार म्हणाला. “घरातून निघताना जातो म्हणू नये. कुणीच म्हणत नाही.”

“हे घर नाही. मी तुमचा मामा नाही. मला तुम्ही उद्या खाली टाकणार आहात. माझ्याकडे परत यायचं तुम्हाला कारण काय? जातो म्हणा.”

“त्याने काय होणार?”

“काही नाही. म्हणूनच म्हणतो, म्हणा.”

सरदार हसला, पण हसून झाल्यावरही त्याने तो शब्द उच्चारला नाही.

मग येसबाने करार सांगितला. सरदाराने ‘जातो’ असं स्पष्ट म्हणावं आणि कोठडीबाहेर पाऊल टाकावं. तेवढं झालं की खुणेचा शब्द त्याच्या पदरात पडलाच म्हणून समजावा. तेवढं जमलं नाही तर येसबाला वर त्याच्या घरी पोचवावं. वचन दोघांनीही भिवासमोर द्यावं.

खेत्रोजीरावाने आजवर सात किल्ले घेतले होते. एका शब्दात आठवा मिळत असेल तर त्याची ना नव्हती. त्याने वचन दिलं, पागोटं घातलं, उंबऱ्यापाशी गेला आणि वळला.

“निघतो,” तो म्हणाला.

“निघतो नाही.”

“बरं. मी आता ... रजा घेतो.”

“तेही नाही.”

“भिवा, माझ्या वतीने तू म्हण.”

भिवाने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. “सरकार, मला दोर द्या. वाळलेला असला तरी चालेल. घरी म्हातारी वाट बघतेय.”

सरदाराने छाती भरून श्वास घेतला. “जा ...” एवढं म्हणाला आणि थांबला. बाहेर त्याची तीन हजारांची फौज जेवायला बसत होती, तिचा कालवा आत ऐकू येत होता.

सरदार उंबऱ्यापासून मागे फिरला.

“माझे वडील एकदा आईशी भांडून निघाले,” सरदार हळू म्हणाला. “उंबऱ्यात उभे राहिले आणि मुद्दाम म्हणाले ... तेच. मी सात वर्षांचा होतो.”

“मग?”

“मग काय. आई अजून संध्याकाळी दार लावत नाही.”

येसबा उठला. मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि सरदारापुढे धरलं. कैद्याच्या हातचं पाणी पिऊ नये अशी सरदाराला हकिमाची ताकीद होती. तो सगळं प्यायला.

“पाच दिवस तुम्ही भीती घेऊन माझ्याकडे येता,” येसबा म्हणाला. “किल्लेदार, ही ठेवून घ्या म्हणता. आणि निघताना विसरल्यासारखी परत घेऊन जाता. मी ठेवून कशी घेणार? ती तुमच्याच मापाची आहे.”

सरदाराने तांब्या खाली ठेवला.

“तुम्ही म्हणून दाखवा,” तो म्हणाला. लहान मुलासारखंच म्हणाला.

“वेळ आली की म्हणेन.”

वचन भिवासमोर दिलेलं होतं, आणि भिवाने ऐकलं म्हणजे अर्ध्या फौजेने ऐकलं. ऊन कलल्यावर सरदार स्वतः येसबाला घेऊन निघाला. दारातून बाहेर पडताना आज तो नीट वाकला. भिवाने सवयीने हात पुढे केला होता, तो रिकामाच राहिला.

बालेकिल्ल्याची चढण उभी होती. वाटेत सरदाराने दाढेची चौकशी केली. न्हावी सापडला आहे, हवं तर अजूनही काढून देईल, म्हणाला. येसबा प्रथमच घाबरलेला दिसला, आणि चार पावलं भराभर चढला.

खडकाच्या वळणाशी धोंड्यांचा ढीग पडला होता. सगळे देव, नद्या आणि पूर्वज तिथेच पडून होते. सरदार आणि भिवा ढिगाच्या अलीकडे थांबले. येसबा एकटा पुढे गेला.

वरून हाक आली. “कोण?”

येसबाने सरदाराकडे वळून हात जोडले.

“जातो,” तो मोठ्याने म्हणाला.

भिवाने कानांवर हात ठेवले. सरदाराने डोळे मिटून घेतले. वाईट काहीतरी घडणार याची दोघांनाही खात्री होती, आणि धोंड्याच्या वाटेत आपण तर उभे नाही ना, हे भिवाने एका डोळ्याने बघून घेतलं.

धोंडा आला नाही.

आतला अडसर सरकला. बिजागऱ्या करकरल्या. पाच दिवस तीन हजार माणसांना न उघडलेला दरवाजा सावकाश उघडला, आणि आतून कुणीतरी विचारलं की, दाढ निघाली का.

सरदाराने डोळे उघडले. तो दरवाजाकडे बघत राहिला, मग येसबाकडे, मग पुन्हा दरवाजाकडे. न्हाव्यापुढे बसल्यासारखं त्याचं तोंड उघडं होतं.

“किल्लेदार ... हाच तो शब्द?”

येसबा उंबरा ओलांडून आत गेला होता. दरवाजा लागता लागता फटीतून त्याचा सुजलेला गाल तेवढा दिसला.

“दिवस मावळेपर्यंत हाच आहे, सरदार. या.”